छतावरचा डाग

प्रार्थनागृहाच्या छतावर सृष्टीची सुरुवात रंगवायचं काम बाबांना मिळालं होतं आणि परांचीवर त्यांच्या जोडीला नववीतली लेक होती. सिंह, हत्ती, गरुड ऐटीत झळकले. मग तिने पाण्याकाठी हिरवट शेवाळ रंगवलं. खालून बघणाऱ्या धर्मगुरूंनी कपाळाला हात लावला. “तो डाग पुसा!” “डाग नाही, आजोबा. सगळ्यांत आधी हेच जन्मलं. आपण याचीच पिल्लावळ!” “काहीतरीच! देवाने थेट सिंहच घडवला.” “मग तो खाणार काय होता, प्रवचन?” धर्मगुरू लालबुंद झाले. “पुसा, नाहीतर उद्या दुसरा रंगारी येईल!” बाबा जन्मात कुणाला उलटून बोलले नव्हते. त्यांनी निमूट ओलं फडकं उचललं. पण ती शेवाळापुढून हलली नाही. बाबांनी फडक्याने चष्मा पुसला, शेवाळ न्याहाळलं. “जरा फिकं पडलंय, पोरी. खालून ठसठशीत दिसायला हवं.”