आंदणाचा रेडिओ

कुंताची सोयरीक रेडिओवर अडली होती. आंदणातला सेट पसंत पडला, तरच गुणवंतराव आपल्या मुलासाठी होकार देणार होते. कुंताचा भाऊ श्रावण बी.एस्सी. झालेला. त्याने दारातल्या मोहाच्या झाडावर एरियलची तार ताणली, बॅटरी जोडली आणि काटा केसभर सरकवत स्टेशन अगदी स्वच्छ लावलं. गुणवंतराव मात्र उठून समोरच्या घराच्या ओसरीवर जाऊन बसले.

"वाढव अजून," ते तिथून ओरडले.

"आवाज फाटून राह्यला, भाऊ," श्रावण म्हणाला.

"फाटू दे. शेजाऱ्याले आयकू आलं पायजे."

शेवटी सेट पास झाला. श्रावणने हायसं वाटून कुंताला पुढे बोलावलं. "हिलेही दोन गोष्टी विचारून घ्या, भाऊ."

"तिले काऊन?" गुणवंतराव म्हणाले. "सुनेचा आवाज तं घरातबी आयकू नाई आला पायजे."