बिबट्याची खोली

भुईमुगाची पहिली शेंग सुंदराच्या वरणात पडली. दुसरी पदरावर.

तिचा नवरा हिलाल ताटावरून उठला आणि गजांपाशी धावला. बाहेर दिवाळीच्या सुट्टीची गर्दी. एका बापाने पोरीला खांद्यावर घेतलं होतं. तिच्या हातात शेंगांची पुडी.

"शरम नथी? बैरां जमे छे!" बाईमाणूस जेवतंय, असं हिलाल गुजरातीत ओरडला.

"तो पिंजरामां केम बेठां?" बाप हसला. "अमे टिकिट लईने आव्या छीए."

पिंजऱ्यात का बसलात, हा सवाल खोटा नव्हता. वरच्या पाटीवर अजून 'दीपडो' असंच होतं. दीपडो म्हणजे बिबट्या.

एकसष्ट साली सुरतेची ही बाग नवी होती, तेव्हापासून हिलाल इथे जनावरांना खाऊ घालत होता. तेव्हा अस्वल होतं, हरणं होती. आता पंच्याहत्तरात दोन माकडं आणि पिसं झडलेला एक मोर. अस्वलाच्या घरात फावडी-घमेली, हरणांच्या वाड्यात साहेबांची स्कूटर. बिबट्या मेला आणि त्याचा पिंजरा हिलालला राहायला मिळाला. समोरची भिंत पुढच्या महिन्यात बांधू, असं साहेब म्हणाले होते. सुरतेतल्याच लिंबायतला गाववाल्या भटूच्या खोलीत आठ जणांत झोपणाऱ्या माणसाला तो महालच वाटला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याने अमळनेरहून बायको आणली. फिनेल ओतून ओतून दोघांचे हात सोलले, पण फरशीतला बिबट्याच्या मुताचा वास काही हटेना.

"लोके देखी ऱ्हायनात," सुंदरा म्हणाली. "घास उतरत नही."

हिलालने गजांना पोती बांधली. तासाभरात साहेब आले.

"काढी नाख. बागनी शोभा जाय छे."

पोतं बांधायची ही त्याची पहिली वेळ नव्हती. बिबट्या नवा होता, तेव्हा माणसांसमोर मांसाला तोंड लावत नव्हता. हिलालने दया येऊन आडोसा केला. त्या वेळचे साहेब भडकले. लोक त्याला खातानाच तर बघायला येतात! मग हिलालनेच अक्कल पाजळली होती, "दो दिन भूका रखो, साब. तिसरे दिन झक मारके खाएगा."

आणि खाल्लं त्याने. कोपऱ्यात, गजांकडे पाठ करून, भराभर. साहेबांनी हिलालची पाठ थोपटली. पुढे त्या जनावराने स्वतःचीच शेपटी कुरतडून कुरतडून रक्ताळली, तेव्हा मात्र कोणी हिलालला जाब विचारला नाही.

हिलाल पोत्यांच्या गाठी सोडू लागला. आपल्याच बोटांची त्याला शिसारी आली, तरी ती सोडत राहिली.

"व्हई जाई सवय," तो बायकोकडे न बघता म्हणाला.

त्या दिवशी सुंदराने ताट दूर सारलं. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवली. कोपऱ्यात, गजांकडे पाठ करून, भराभर.