खोक्यातल्या काड्या

"काड्या कुठं आहेत, बाबा?" खोक्याचं झाकण उघडताच लेकीने विचारलं.

घड्याळजींचं डोकंच फिरलं. दोन दिवसांचा प्रवास, पूर्ण वेळ खोकं मांडीवर, आत स्वतःच्या झाडाची बारा अंजिरं, आणि ही बाई काड्यांची चौकशी करते! दरवर्षी फळं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ते झाडाच्याच वीतभर काड्या कापून मधे आडव्या लावायचे. या वेळी नुसते वर्तमानपत्राचे बोळे होते.

"काड्या काय खायच्यात?" ते म्हणाले. "फळं बघ."

गल्लीत त्यांच्या अंजिराला तोड नव्हती. घड्याळं दुरुस्त करून करून डोळे अधू झाले, पण झाडाच्या बाबतीत माणसाची नजर घारीची. लेक सहावीत असताना गच्चीवर एका ड्रममध्ये लावलेलं झाड. मुळांना ऐसपैस जागा दिली की झाड नुसतं पानांचा थाट करतं, हे त्यांनी ओळखलं होतं. फांद्या तीनच ठेवायच्या, दाटीतली हिरवी फळं मनावर दगड ठेवून खुडायची, पाणी मुळाशी द्यायचं, आणि फळाने आपण होऊन मान टाकल्याशिवाय हात लावायचा नाही. फक्त लेकीसाठीची फळं ते तीन दिवस आधी काढायचे. पिकलेलं अंजीर संध्याकाळपर्यंत टिकत नाही, तिथे पार्सलने दोन दिवस कुठून टिकणार?

तरी लेकीचा फोन यायचा. "आतून लालभडक, बाबा. तळाच्या डोळ्यातून मधाचा थेंब आला होता."

नर्सरीवाला म्हणायचा, अंजीर एकदा तोडलं की पुढे पिकत नाही, जगात कुठेही. घड्याळजी मिशीतल्या मिशीत हसायचे. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझ्या लेकीला विचार." सात वर्षं हा मान त्यांनी छातीवर बिल्ल्यासारखा मिरवला होता.

लेकीने बारा अंजिरं ताटात मांडली. ती मऊ पडली होती, पण रंग तीन दिवसांपूर्वीचाच होता. घड्याळजींनी एक उचलून दातांनी फोडलं. पाठवलेलं फळ तिसऱ्या दिवशी कसं लागतं, हे चाखायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

ओला कापूस चघळावा तसं लागलं. त्यांनी दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं. मग ताट सरकवून दिलं.

"सात वर्षं," ते म्हणाले, "माझी समजूत काढत होतीस?"

"पहिली दोन वर्षं," लेक म्हणाली. "त्या दोन वर्षांत खोटं बोलले. नंतर नाही."

त्यांनी ते ऐकलंच नाही. "असू दे. आता तेही करावं लागणार नाही. झाड गेलं."

मग सगळं बाहेर पडलं. गच्चीला गळती लागली म्हणून कारागीर आले. त्याच सकाळी घड्याळजींनी बारा फळं काढून ठेवली होती. काड्या नंतर कापू म्हणून ते दाढी करायला गेले. ते परत येईपर्यंत झाड बुंध्यापासून कापून, ड्रमसकट मालट्रकात घालून, मंडळी निघूनही गेली होती. एक डहाळी मागे राहिली नाही. सांगताना त्यांचा आवाज फाटला. बायको गेली तेव्हाही ते चारचौघांत रडले नव्हते. आता लेकीच्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडले.

लेकीने त्यांना रडू दिलं. मग हाताला धरून उठवलं. "बाल्कनीत चला."

बाल्कनीत अर्ध्यावर कापलेला ड्रम होता. त्यात अंजीर. तीन फांद्या. पक्ष्यांपासून जपायला प्रत्येक फळावर बँडेजच्या जाळीदार कापडाची शिवलेली पिशवी. लेक दवाखान्यात नर्स होती. पेशंटच्या खाटेला लावतात तसा तक्ता भिंतीवर टांगलेला, त्यात तारखा आणि तिचं बारीक अक्षर: "बाबा म्हणाले, पाणी पानांवर नको." "बाबा म्हणाले, ड्रम बदलू नको." सगळ्या तारखा रविवारच्या. रविवारी ती फोन करायची आणि अर्धा तास त्यांच्याच झाडाची विचारपूस करायची. घड्याळजींना वाटायचं, पोर गुणाची, म्हाताऱ्याचं मन राखते. स्वतःहून फोन त्यांनी तिला एकदाही केला नव्हता.

एका फळाने मान टाकली होती. साल उकललेली, तळाला थेंब. लेकीने ते अलगद काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. घड्याळजींनी सवयीने खिशातलं भिंग डोळ्याला लावून खोट शोधली. सापडली नाही. मग खाल्लं. आपल्या गच्चीवर असं फळ पिकल्याचं त्यांना आठवेना.

"माझ्यापेक्षा सरस," ते शेवटी म्हणाले. आयुष्यात कुणालाही न म्हटलेलं वाक्य होतं ते. "रोप कुठून आणलंस?"

"पहिल्या वर्षीच्या खोक्यातून," लेक म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खोकं पाठवायचं बंद केलं असतं."

घड्याळजींनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं, आणि जरा दबकतच त्या तीन फांद्यांवरून हात फिरवला.

"जाताना यातली एक काडी दे मला," ते म्हणाले. "आणि रविवारी फोन मी करीन."