तीनच्या जागी आठ

सईने तीन खोडून आठ लिहिलं. दुरुस्ती एवढीच. त्यासाठी ती कोल्हापूरच्या ऑफिसातून कबनूरला, प्रभुलिंगअण्णांच्या मागाच्या शेडमध्ये आली होती आणि सकाळपासून त्यांचा चार कप चहा पिऊन बसली होती.

साडीच्या काठाची नक्षी मागाला एका छोट्या डब्यातून मिळते. नक्षी काढायची, सेव्ह करायची, डब्याने ती आपल्या डिस्कवर उतरवायची. त्यासाठी कोडमध्ये ‘लगेच लिही’ अशी खूण लावावी लागते. ही खूण तीन नंबरच्या बिटवर, म्हणजे कोडमधल्या तीन नंबरच्या घरात असते, पण त्या घराची किंमत आठ, म्हणून लिहिताना आठ लिहायचे असतात. इथे सरळ तीन लिहिलेले होते. त्यामुळे डबा ‘सेव्ह झालं’ म्हणून मोकळा व्हायचा आणि नक्षी पाच-दहा मिनिटं नुसती डोक्यात ठेवायचा. तेवढ्यात बंद पडला, की सगळं विसरायचा.

एरवी वीज गेली तरी बॅटरी असे. पण दर अमावस्येला अण्णा मागांची पूजा करत. दिवसाचं शेवटचं काम सेव्ह झालं, की मेन स्विच स्वतःच्या हाताने ओढत, मग बॅटरीही बंद करत. यंत्राला त्या दिवशी पुरती विश्रांती.

सईने नवी नक्षी सेव्ह केली आणि अण्णांना लगेच दोन्ही बंद करायला सांगितलं. आज अमावस्या नव्हती. अण्णांनी सवयीने स्विचला नमस्कार केला आणि तो ओढला, बॅटरीही बंद केली. डबा पुन्हा चालू झाला तेव्हा नक्षी जागच्या जागी होती.

सई हसली. अण्णा हसले नाहीत. ते सुताच्या पोत्यावर बसले.

“म्हंजे पिराजी खरं बोलत हुता?”

पिराजी त्यांच्याकडे अकरा वर्षं काम केलेला डिझायनर. हा डबा आल्यापासून तीन अमावस्यांना त्याच्या तीन नक्ष्या पुसल्या गेल्या. सेव्ह केल्यात म्हणून तो शपथा घेत राहिला. अमावस्येलाच बऱ्या पुसल्या जातात, असं अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले. नक्ष्या दुसऱ्याला विकून यानेच पुसल्या, असं ठरवून त्याला काढलं. गेल्या अमावस्येला नव्या डिझायनरचीही नक्षी गेली, तेव्हा कुठे सईला बोलावणं गेलं.

काढण्याआधी त्यांनी डबा बनवणाऱ्या सईच्या कंपनीला विचारलं होतं, हे मात्र खरं. कंपनीचं उत्तर अजून भिंतीवर टाचलेलं होतं. डब्यात दोष नाही, हाताळणाऱ्याची चूक असावी. खाली सही सईची. सईने ते वाचलं.

“ते तीन मीच लिहिले होते, अण्णा.”

“आन् स्विच मी वडत हुतो.”

 मग अण्णांनी पिराजीचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. “तुमीच सांगा.” सईने न थांबता सगळं सांगितलं. तीन, आठ, अमावस्या, स्विच, आपली सही.  

“थांबा, मॅडम,” पिराजी म्हणाला. “स्पीकर लावतो. बायको आन् पोरगी हितंच हायत. आता पयल्यापास्नं सांगा.”