पेपरातलं नाव

मतदार यादीत नाव घालायचा अर्ज केला की अमेरिकेतल्या मिसिसिपीत साठच्या दशकात ते नाव पत्त्यासकट दोन आठवडे गावच्या पेपरात छापून यायचं. कायदाच होता तसा. ओडेल बायकोला बजावायचा, “हक्क घटनेत आहे, व्हर्डी, आणि आपण राहतो या गावात. काळ्या माणसाचं नाव छापून आलं की आधी काम जातं, मग घराला आग लागते. त्या नोंदणी कचेरीची पायरी चढलीस तर याद राख.”

व्हर्डीने मान डोलावली आणि सोमवारी गुपचूप पायरी चढून आली.

गुरुवारी ओडेल कामावरून भर दुपारीच घरी आला. “पेपर आला का? दे इकडे.” त्याने तो न उघडताच चुलीत कोंबला.

“तुला कुणी सांगितलं?” व्हर्डीने चाचरत विचारलं.

“सांगायला कशाला हवं?” म्हणत तो खिडक्यांच्या खिट्ट्या लावत सुटला.

दुसऱ्या दिवशी ती ज्यांच्याकडे कामाला होती त्या गोऱ्या बाईंकडे इस्त्रीला गेली. इस्त्रीच्या फळीवर बाईंनी कालचाच पेपर उघडून ठेवला होता. व्हर्डीच्या नावाभोवती लाल पेन्सिलीने गोल केलेला होता. एका नावासाठी तो जरा मोठाच होता.

 

आत, तिच्या नावाच्या वर, ओडेलचं नाव होतं.