लोण्याची मनगटं
डोंगरातल्या चाचणीला दोन हुबेहूब एटीव्ही, म्हणजे खडकाळ वाटांवर चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्या, होत्या. एक पॉवर स्टिअरिंगवर चालवायची, दुसरी त्याच्याविना. डेल्बर्टने सकाळीच एका गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि नंतर पॉवर स्टिअरिंगची म्हणून एक गाडी व्हर्लिनला दिली. "घे, लोण्याच्या मनगटांसाठी."

जुन्या कोळसाखाणीमागच्या दगडधोंड्यांतून डेल्बर्ट शिट्टी वाजवत खाली आला. मागून व्हर्लिन आला तो घामाघूम.

"आयतं पॉवर स्टिअरिंग मिळूनही ही गत? तुझ्या आजीला पाठवायचंस."

व्हर्लिन मान खाली घालून दंड चोळत राहिला.

फ्यूज परत बसवायला डेल्बर्टने आपल्या सीटखालचं झाकण उघडलं. तिथे फ्यूज होताच. खिशातला व्हर्लिनच्या गाडीचा होता.

त्याने झाकण हळूच लावलं आणि खिशातला फ्यूज झुडपात भिरकावला.

"काय झालं रे?" व्हर्लिनने विचारलं.

"काही नाही. रोज जोरबैठका काढत जा."