शेवट काळजाला भिडतो

"माझे पाय आता माझे राहिलेले नाहीत," मुरोई पुटपुटला. "सूत्रपठण झालं, भिक्षू जेवून गेले, तरी ही बाई आपल्याला गुडघ्यांवरच बसवून ठेवणार वाटतं."

"हळू बोल. डोळे गेलेत त्यांचे, कान नाही," हात्सुए म्हणाली.

समोर देव्हाऱ्यात गेलेल्या इगाराशींचा फोटो होता. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. हे दोघं आणि इगाराशी, तिघं एकाच गटातले, म्हणजे फोनवरच्या गटातले. आपली पुस्तकं आपणच ई-पुस्तक करून काढणारी दहा-बारा माणसं. कुणाचं नवं पुस्तक आलं की त्याच दिवशी बाकीच्यांनी पाच चांदण्या द्यायच्या, मुखपृष्ठ आपापल्या पानावर टाकायचं आणि वर दोन गोड ओळी लिहायच्या. पुढच्या खेपेला तो तुमच्यासाठी लिही. भातलावणीला सगळं गाव एकमेकांच्या खाचरात उतरतं, तसंच हे. फरक एवढाच, की इथे चिखलात कोणी पाय बुडवत नसे. वाचलंच पाहिजे असा नियम नव्हता. वाचू नये असाही नव्हता. त्याबद्दल कोणी बोलतच नसे.

इगाराशींच्या पुस्तकाला हात्सुएने लॉण्ड्रीच्या काउंटरवर बसून, कुणाच्या तरी कोटाला चिठ्ठी लावता लावता लिहिलं होतं, 'शेवट काळजाला भिडतो. वाचून झाल्यावर मी माझ्या लेकीला घट्ट मिठी मारली.' लेक ओसाकाला होती. वर्षभरात तिचा फोनही नव्हता.

मिसाओ चहा घेऊन आल्या. नजरेच्या मधोमध डाग पडल्यापासून इगाराशींच्या या पत्नी माणसांकडे जरा तिरकं बघायच्या. कडेकडेचं दिसे, अक्षरं नाहीत.

"यांना जाऊन आज एकोणपन्नासावा दिवस. आज यांचा आत्मा घरातून कायमचा निघणार," त्या म्हणाल्या. "जायच्या आत त्यांच्यासमोर एक काम उरकायचंय. हात्सुए-सान, पुस्तकाचा शेवट मला वाचून दाखवा."

हात्सुएचा हात कपापाशीच थांबला.

"आमची कानाए गेली त्या संध्याकाळी मी न्हाणीघरात होते," मिसाओ सांगू लागल्या. "दारात बापलेकीचं काहीतरी बोलणं झालं. ती बर्फात गाडी घेऊन निघाली, ती परत आलीच नाही. काय बोललात, म्हणून किती विचारलं. हे गप्प. शेवटी म्हणाले, पुस्तकात लिहितोय. पुस्तक आलं, तर म्हणाले, थांब अजून थोडी. तुमचे अभिप्राय मात्र जेवताना वाचून दाखवायचे. शेवट वाचून तुम्ही लेकीला मिठी मारलीत ना? तेव्हाच मी ओळखलं, ते शेवटी असणार."

त्यांनी कप पुढे सरकवले.

"आणि फोन बाजूला ठेवताना म्हणायचे, आजही कोणी विचारलं नाही. काय विचारायचं होतं, कोण जाणे."

"मिसाओ-सान, आधी हे तांदळाच्या पिठाचे दांगो खाऊन घेऊ या का?" मुरोई घाईघाईने म्हणाला. "गार होतील."

"खा की तुम्ही. ऐकायला तोंड लागत नाही."

हात्सुएने फोन काढला. कधीचं विकत घेतलेलं पुस्तक आत्ता कुठे फोनमध्ये उतरायला लागलं. पडद्यावर बारीक चक्र फिरत राहिलं. मिसाओंना ते दिसलं नाही. मुरोईला दिसलं आणि त्याने मान वळवली.

ती थेट शेवटाकडे गेली. शेवट फार लवकर आला. सगळं मिळून एकच प्रकरण होतं. न्हाणीघरातून येणारी वाफ, उंबऱ्यापाशी बसून बूट चढवणारी कानाए, तिच्या मागे येऊन उभा राहिलेला बाप. एवढंच. मग कोरं पान आणि त्यावर एक ओळ.

'इथवर कोणी वाचलं असेल, तर मला कळवा. पुढचं लिहायला तेवढा धीर पुरेल.'

खाली काही नव्हतं. मुरोईनेही खांद्यावरून ते वाचलं. त्याने डोळ्यांनीच खुणावलं, बोल काहीतरी. प्रेमकथा पाडतेस ना ढीगभर?

"वाचताय ना?" मिसाओंनी विचारलं.

हात्सुएने घसा साफ केला. "'मी म्हणालो, रस्ता निसरडा झालाय, सावकाश जा. ती हसली. म्हणाली, बाबा, तुम्ही झोपा, मी येते.'"

असली वाक्यं तिने शेकड्याने लिहिली होती. ती आपोआप आली.

मिसाओंनी बाहीने डोळे टिपले.

"सावकाश जा म्हणाले," त्या म्हणाल्या. "आणि मला वाटायचं, यांनीच तिला घालवून दिलं. त्यांना भात वाढतानासुद्धा माझ्या मनात तेच असायचं. त्यांनाही ते कळत असणार."

मुरोईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि हळूच पाय मोकळे केले.

"परत वाचा."

हात्सुएने परत वाचलं. एक शब्दही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मिसाओ गुडघ्यांवर सरकत तिच्या अगदी जवळ आल्या. त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं.

"त्या ओळीवर ठेवा हे. दिसलं नाही तरी चालेल. हात लागू दे नुसता."

हात्सुएने ते बोट धरलं. हडकुळं बोट, उदबत्तीचा वास लागलेलं. फोनचा पडदा पांढराफटक उजळला होता.

"ठेव ना कुठेही," मुरोई ओठांतल्या ओठांत म्हणाला.

तिने फोन पालथा चटईवर ठेवला. बोट सोडलं नाही.

"मिसाओ-सान, पुढचं त्यांनी लिहिलंच नाही. कोणीतरी विचारेल, म्हणून थांबले होते ते," ती म्हणाली. "आमच्यापैकी कोणी पुस्तक उघडलंच नव्हतं."